मोठ्यानं मागायची गोळी

गिरणीवाल्या मावशींना कुजबुजता येत नसे. प्रयत्न त्या करत. तोंडाशी हात नेत, मान पुढे काढत, डोळे बारीक करत, आणि मग जे बोलत ते समोरच्या किराणा दुकानात साखर जोखणाऱ्यालाही ऐकू जाई. लग्न होऊन कुसगावात आल्यापासून त्या गिरणीच्या पट्ट्याशेजारी उभं राहूनच बोलत आल्या होत्या. नवरा गेल्यावर गिरण त्यांनी एकटीने चालवली. गाव त्यांना तोंडावर मावशी म्हणे आणि पाठीमागे भोंगा. ते त्यांना ठाऊक होतं. "भोंगा हाय म्हनून येळंवर उटताय," असं म्हणत त्या पुढचा डबा उचलत.

मी गणिताच्या शिकवण्या घेते. दहावीची मुलं सकाळ-संध्याकाळ घरी येतात. त्यामुळे मी वयाने बरीच लहान असूनही मावशी मला बाई म्हणत आणि अहो-जाहो करत. लिहिण्या-बोलण्यात ढिलाई मला खपत नाही, म्हणून आधीच सांगते: इथे आहे ते माझ्यासमोर घडलेलं आहे, आणि जे ऐकीव आहे ते ऐकीव म्हणूनच सांगेन. ज्या बाईची हकिकत यात येते तिला मी विचारलं आहे. "लिवा, पन नाव बदला," असं ती म्हणाली. म्हणून तिला सविता म्हणते.

गिरणीवर एक रीत पडून गेली होती. ज्या बाईला मनातलं काही सांगायचं असे ती डबा ठेवून घरी जात नसे. आपला नंबर येईपर्यंत थांबून राही. तिचे दाणे वरून पडायला लागले, यंत्राचा आवाज भरात आला, की ती मावशींच्या कानाशी तोंड नेई. दोन खोल्यांच्या घरात सासू, दीर, मुलं. तिथे बोलायला जागा कुठली? गिरणीच्या घरघरीत ती मिळायची. शेजारी उभ्या असलेल्या बाईलाही एक अक्षर कळत नसे. मावशी पिठाची चिमूट बोटांत चोळत ऐकत आणि उत्तर फक्त मानेने नाहीतर हाताने देत. आपला आवाज काय आहे याची जाण असल्याने अशा गोष्टीवर त्या तोंड उघडत नसत. कुणाला माहेरी जायचं असे, कुणाला नवऱ्याच्या दारूचं सांगायचं असे, कुणाला नुसतं रडायचं असे.

मेडिकलमधली त्यांची तऱ्हा वेगळी. आमच्याकडे दुकानदार बायकांचे पॅड आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो, आणि मग पिशवीला गाठ मारतो. मावशी गाठ सोडून कागद आणि पिशवी दोन्ही परत करत, आणि सुनेसाठी घेतलेलं पाकीट हातात धरून भर बाजारातून चालत येत. सून बिचारी आठ-आठ दिवस बाजारात तोंड दाखवत नसे. मी एकदा म्हटलं, मावशी, लोक बघतात. "भाजी आनताना बी बघत्यात," त्या म्हणाल्या.

तो सोमवार होता. लोणावळ्याच्या आसपास सोमवार हा सुटकेचा वार असतो. शुक्रवारी संध्याकाळपासून पुण्या-मुंबईच्या गाड्या वर चढायला लागतात, आणि रविवारी त्या उतरेपर्यंत हॉटेलात, बंगल्यांवर राबणाऱ्या माणसांना मान वर करायला मिळत नाही. जगाची सुट्टी ती आमची कामाची पाळी. सविता आणि तिचा नवरा गावामागच्या चढावर एका बंगल्याची राखण करतात. नवरा बाग आणि पोहायची टाकी बघतो, सविता पाहुण्यांचा स्वयंपाक आणि खोल्या. तिला दोन मुलं. दुसऱ्या बाळंतपणात तिचा रक्तदाब इतका चढला की तिला पुण्याला हलवावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पुन्हा दिवस राहू देऊ नकोस, पुढच्या वेळी तू वाचशीलच असं मी सांगू शकत नाही. ऑपरेशनला सासू आडवी आली होती. तिला अजून एक नातू हवा होता.

माझे गहू दळून झाले होते. पीठ गार व्हायला मी थांबले होते. सविता तांदळाचा डबा घेऊन आली, नंबर आला, तांदूळ पडायला लागले, आणि ती मावशींच्या कानाशी वाकली. मावशींनी ऐकलं, चिमूट तशीच बोटांत धरून तिच्याकडे वळल्या, आणि कधी नाही ते तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच लाइट गेली. पट्टा फडफडत थांबला. त्या शांततेत मावशींचं वाक्य अख्ख्या गल्लीने ऐकलं.

"निरोध फाटला तर फाटला, मग गोळी का न्हाई घेतली?"

किराणावाल्याचा हात तराजूवर तसाच राहिला. सविताने पदर तोंडात धरला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. रांगेतल्या एका म्हातारीने विचारलं, "कंची? ती बंगल्यावरची गोळी व्हय?" आणि तिच्यामागची हसली.

'बंगल्यावरची गोळी' हे काय आहे ते सांगायला हवं. आमच्या गावच्या बायका बंगल्यांच्या खोल्या झाडतात. केराच्या डब्यात त्यांना त्या गोळीची रिकामी पाकिटं सापडतात. त्यामुळे अशी एक गोळी असते आणि ती कशासाठी असते, हे त्यांना कुठल्याही शिबिराच्या आधीपासून माहीत होतं. फक्त त्यावरून त्यांनी काढलेला अर्थ चुकीचा होता. ही गोळी पाहुण्यांची, लग्नाआधी बंगल्यावर येणाऱ्या शहरातल्या पोरींची. मंगळसूत्र घातलेल्या बाईने ती घ्यायची नसते, आणि मागितली तरी तिला कुणी देत नाही, असं त्यांच्यात पक्कं ठरून गेलं होतं. देत नाही, हे तरी खोटं म्हणता येत नव्हतं. शुक्रवारी रात्री प्रकार घडला, शनिवार-रविवार बंगला भरलेला, म्हणून सविता रविवारी पाहुणे गेल्या-गेल्या लोणावळ्याच्या बाजारात गेली होती. तिच्यापुढच्या जोडप्याला दुकानदाराने ती गोळी दिली. सविताचा नंबर आल्यावर म्हणाला, संपली.

आता तिने कमरेची पिशवी उघडली आणि एक गोळी काढली. पाहुणे गेल्यावर जे मागे राहील ते राखणदाराचं, असा इथला शिरस्ता आहे. अर्धी तेलाची बाटली, न फोडलेलं बिस्किट, शाम्पू, मोजे. सविताच्या घरी त्यासाठी पत्र्याचा एक डबा होता. त्या डब्यात कधीकाळी सापडलेली ही गोळी तिने जपून ठेवली होती. "हीच घिऊ का, बाई?" तिने मला विचारलं. मी चष्मा लावून पाहिलं. मुदत केव्हाच संपली होती आणि वेष्टण मागून फाटलं होतं. मी नको म्हटलं. मावशींनी ती माझ्या हातातून घेतली आणि चपलेखाली चिरडली.

गावच्या आशाताईंकडे, म्हणजे घरोघर आरोग्याचं बघणाऱ्या सरकारी कार्यकर्तीकडे, ही गोळी असते. मी त्यांना फोन केला. त्यांच्याकडचा साठा नेमका संपलेला होता, दोन दिवसांनी येणार होता. दोन दिवस आमच्याकडे नव्हते. ही गोळी बहात्तर तासांच्या आत घ्यायची असते, आणि त्यातही जितका उशीर तितका तिचा भरवसा कमी. म्हणजे सोमवार रात्र ही शेवटची. हे मी सांगितलं तेव्हा मावशींनी शटर ओढलं. रांगेत डबे तसेच. गिरण अशी अर्ध्यात बंद झालेली कुणी पाहिली नव्हती.

"लाइट आली तर?" म्हातारीने विचारलं.

"आली तर बसंल," मावशी म्हणाल्या आणि रिक्षाला हात केला.

रिक्षात सविता आमच्या दोघींच्या मधे बसली. मावशी बाहेर बघत होत्या. कुसगाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझ्या तोंडानं तुझी अब्रू गल्लीत मांडली, पोरी. आता त्येच तोंड तुझ्या कामाला लावते." रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. मावशींनी त्याला पुढे बघायला सांगितलं.

मी म्हटलं, दुसऱ्या दुकानात जाऊ. मावशींनी ऐकलं नाही. त्याच दुकानात गेलो. सोमवार असला तरी चार-सहा गिऱ्हाइकं होती, त्यात एक तरुण जोडपंही होतं. मावशींनी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि दिवस राहू नयेत म्हणून नंतर घ्यायची गोळी मागितली. त्यांच्या नेहमीच्या आवाजात. शेजारच्या चिक्कीच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली. दुकानदार म्हणाला, हळू मावशी. मग त्याने मागे उभ्या सविताकडे पाहिलं आणि तिलाच विचारायला लागला: हिच्यासाठी का? लग्न झालंय ना? मग नवऱ्याला माहीत आहे का?

"तिला कशापायी इचारतो?" मावशी म्हणाल्या. "मला पायजे."

त्याने त्यांच्याकडे पाहिलं. साठी कधीच उलटलेली, केस पांढरे, कपाळ मोकळं, पदरावर पीठ.

"तुम्हाला?"

"व्हय, मला. काय अडचन हाय?"

जोडप्यातला मुलगा खाली बघून हसू दाबत होता. दुकानदार म्हणाला, मावशी, चेष्टा नका करू. मावशी म्हणाल्या, "चेष्टा तू लावलीस. काल ह्या पोरीच्या म्होरं दोघांना दिलीस आनि हिला संपली म्हनलास. आमी काय उदार मागतोय?" तेव्हा त्याने डॉक्टरांची चिठ्ठी लागते असं काढलं. इथे मात्र मी पुढे झाले. या गोळीला चिठ्ठी लागत नाही. लागते असा नियम तुमच्याकडे लेखी असेल तर द्या, मी इथेच वाचते, असं म्हटलं. तो कागद शोधायचं नाटक करायला लागला. जोडप्यातली मुलगी काउंटरजवळ सरकली. ती शांतपणे म्हणाली, "मागच्या वेळी आमच्याकडे नव्हती मागितली चिठ्ठी." तिच्याबरोबरच्या मुलाचं हसू थांबलं.

गोळी निघाली. त्याने वर्तमानपत्राचा तुकडा उचलला आणि मावशींकडे बघून खाली ठेवला. "पानी दे," त्या म्हणाल्या. त्याने स्वतःची बाटली दिली. सविताने तिथेच, काउंटरसमोर, सगळ्यांदेखत गोळी घेतली.

बाहेर येऊन मी आतला कागद सविताला वाचून दाखवला. थोड्या वेळात उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागेल. पाळी मागे-पुढे होऊ शकते. आठवड्याहून जास्त लांबली तर तपासणी करायची. गोळी शंभर टक्के खात्रीची नाही, हेही सांगितलं. मावशींना ते आवडलं नाही. "तिला आत्ताच कशाला घाबरवता?" मी म्हटलं, खोटा धीर देणार नाही. त्यावरून परतीच्या वाटेवर आमची चांगली जुंपली.

नंतरचे दिवस वाईट गेले. दिवस राहिले असते तर सविताच्या जिवाशी गाठ होती, हे आम्हा तिघींना माहीत होतं. मावशी काही विचारत नसत. सविता डबा घेऊन आली की फक्त तिच्या तोंडाकडे बघत. एका सकाळी मी गिरणीवर असताना ती आली. तिच्याकडे त्या दिवशी दळण नव्हतंच, रिकामा डबा होता. गिरण चालू होती. ती रांग सोडून पुढे गेली आणि मावशींच्या कानाशी वाकली.

मावशींनी कुणाची तरी ज्वारी अर्ध्यात असताना खटका दाबून गिरण बंद केली. पट्टा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग गल्लीकडे तोंड करून म्हणाल्या, "बायांनो, माझी पाळी आली गं."

रांगेतल्या म्हातारीने कपाळावर हात मारला. "आता ह्या वयात, वत्सला?"

"व्हय, ह्या वयात. आनि उद्या जिला कुनाला ती गोळी लागंल तिनं माझं नाव सांगावं. गिरणीवाल्या मावशीला पायजे म्हनावं. माझी अब्रू लय मोठी हाय, समद्यांना पुरंल."

सविता रिकामा डबा पोटाशी धरून हसत होती आणि रडत होती. पुढे तिने सासूला न विचारता तांबी बसवून घेतली.

इथून पुढचं काही ऐकीव आहे. लोणावळ्यात आणि मळवलीत मेडिकलमध्ये बायका, पोरी जाऊन सांगायला लागल्या, मावशीला हवी आहे. कुणी जास्त चौकशी केली तर, तुम्हीच कुसगावला येऊन त्यांना विचारा. चौकशीला कुणी आला नाही. भुशीकडच्या एका दुकानदाराने म्हणे विचारलं, तुमची मावशी खाते तरी किती? त्यावर मुलगी म्हणाली, तिची तब्येत दणकट आहे. मला मात्र काळजी वाटायला लागली. ही अडीअडचणीची गोळी आहे, नेमाने घ्यायची नव्हे, आणि तिने रोग टळत नाहीत. मी मावशींना तसं बजावलं. त्यांनी ते मनावर घेतलं. गोळी विचारायला आलेल्या प्रत्येकीला त्या आशाताईंकडे धाडायला लागल्या. "एकडाव माझ्या नावावर. रोजचं काय ते तिला इचार."

मग भिंतीवर लिहायचं त्यांनी काढलं. मजकूर मी करून द्यायचा होता. आमचं भांडण 'तीन दिवस' या शब्दांवरून झालं. मी म्हटलं, बहात्तर तासच लिहायचं. बायका शुक्रवारी रात्रीनंतर शनिवार एक, रविवार दोन, सोमवार तीन असं मोजतात आणि मंगळवारी सकाळी दुकानात जातात. मावशी म्हणाल्या, "तास काय दळनाच्या नंबरासारखं मोजायचं का? कोन मोजत बसतंय?" शेवटी दोन्ही घातलं. गिरणीच्या दर्शनी भिंतीवर, निळ्या रंगात, त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून गोळी मिळते. डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. बहात्तर तासांच्या आत घ्या. शुक्रवारी रात्री झालं असेल तर सोमवार रात्रीच्या आत. जेवढी लवकर तेवढी बरी. आशाताईंना विचारा.' अक्षर वाकडं होतं, पण रस्त्यावरून वाचता येत होतं.

गावातले एक वजनदार भाऊ गिरणीवर आले. मी तिथेच होते. त्यांनी आधी आवाज गोड ठेवला. मावशी, हितनं शाळंची पोरं जात्यात, पुसून टाका.

"वाचत्यात ना? मंग शाळंत घातल्याचं सार्थक झालं."

भाऊ म्हणाले, पाडायच्या गोळ्यांची जाहिरात गावात चालणार नाही. मावशींनी हातातला पीठ झाडायचा ब्रश फिरवत सांगितलं, "पाडायची न्हवं ती. राह्यच्या आदीची हाय. राह्यल्यावर तिचा काय उपेग न्हाई. बाईंनी वाचून दावलंय, तुमी बी वाचा."

"आनि तुमी ह्या वयात सोताच्या नावावर मागता. गाव हसतंय, मावशी."

"हसू दे. तुमी घरी जाऊन इचारा, तुमच्यातल्या कुनी माझं नाव घेतलंय का."

भाऊ गेले. त्यांच्या घरातल्या कुणी ते घेतलं होतं की नाही, हे मला माहीत असलं तरी मी लिहिणार नाही.

काही घरांनी दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मावशींचा मुलगा विलास हॉटेलात कामाला आहे. त्याला लोक नाक्यावर गाठून टोमणे मारायला लागले. एका सकाळी भिंतीवर डांबर फासलेलं दिसलं. मावशींनी ते खरवडलं नाही. त्याच्याशेजारी मोकळ्या जागेत तोच मजकूर आणखी मोठ्या अक्षरांत लिहिला. मी विचारलं, डांबर तसंच ठेवणार? "असू द्या की. कुनीतरी वाचलं म्हनून तर पुसलं." पुढे किती तरी दिवस ती भिंत तशीच होती, अर्धी काळी, अर्धी निळी, आणि दळणाला न येणाऱ्या बायकाही तिथे चपलेचा पट्टा नीट करायला थांबत.

मावशींचा श्वासाचा त्रास जुना होता. पिठात जन्म काढल्यावर तो व्हायचाच. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्ययात्रेला अनोळखी बायका पुष्कळ आल्या होत्या. काही मळवलीच्या, काही बंगल्यांवरून तशाच कामाच्या कपड्यांत निघून आलेल्या. विलास मला हळूच म्हणाला, "बाई, ह्या कोन? आमच्या पाव्हन्यातल्या तर न्हाईत." मी त्याला सांगितलं नाही. त्यांच्यातली एक म्हणाली, आमी मावशीच्याच.

दहाव्यानंतर विलासने गिरणीला चुना मारला. सगळी दर्शनी भिंत पांढरी केली. मी विचारायला गेले तेव्हा त्याने हात जोडले. "आई व्हती तवर ठीक व्हतं, बाई. मला गावात राह्यचंय." भिंत त्याची. त्याला दोष देत नाही.

त्यानंतर महिन्याभरात, एका सोमवारी दुपारी, माझ्या फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. एकोणीस-वीस वर्षांची, जवळच्या हॉटेलात खोल्या आवरणारी. मी तिला ओळखत नव्हते; भिंतीवरचा मजकूर मी करून दिला होता, एवढं तिला कुणीतरी सांगितलं होतं. आत दहावीची मुलं उदाहरण सोडवत होती, यजमान ओसरीवर पेपर वाचत होते. तिने विचारलं, "गिरणीच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं ना, त्यात सोमवार होता का मंगळवार? आता बघायला गेले तर भिंत पांढरी."

तिला पुढे काही विचारायची गरज नव्हती. मी सोमवार म्हटलं. तिने शुक्रवारपासून बोटांवर पुन्हा मोजलं. तिने मंगळवार धरला होता. तिला वाटत होतं उद्या सुट्टी आहे, उद्या जाऊ. यजमानांनी पेपर खाली ठेवला, स्कूटर बाहेर काढली आणि चावी माझ्या हातात दिली. मुलांना मी पुढचं उदाहरण घालून दिलं.

ज्या दुकानात गेलो तिथला माणूस मला ओळखतो. त्याची मुलगी माझ्याकडे शिकायला येते. मी गोळी मागितली. त्याने माझ्यामागे उभ्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणासाठी, बाई?" दुकानात माझ्या विद्यार्थ्यांच्या दोन आया उभ्या होत्या.

"माझ्यासाठी," मी म्हटलं. त्याने निमूट दिली.

गोळी तिला लागू पडली की नाही, मला कळलेलं नाही. ती परत आली नाही, आणि मी तिचा माग काढणार नाही. पण ती त्या दिवशी माझ्या फाटकाशी आली नसती, सुट्टीची वाट बघत मंगळवारी गेली असती, तर काय झालं असतं याचा हिशोब मला करता येतो. एका पुसलेल्या ओळीची किंमत एवढी असते.

त्याच आठवड्यात मी आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, तो मजकूर लिहून घेतला. शब्द तेच ठेवले. रंग पक्का वापरला. दोन मुलांची शिकवणी बंद झाली. एका पालकांनी निरोप धाडला की बाईंनी गणितापुरतं बघावं. मी गणितापुरतंच बघते आहे. शुक्रवार रात्र ते सोमवार रात्र, यात माझ्या मते कुणाला हरकत घेण्यासारखं काही नाही. ज्यांना हरकत आहे त्यांच्यासाठी मी शेवटी एक ओळ वाढवली आहे, आणि खाली माझं नाव घातलं आहे: 'हा मजकूर पुसायचा असेल तर आधी बेल वाजवावी. मी घरी असते.'